ओव्हनची राखण

आमच्या जिन्यात कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला विचारावं. चौथ्या मजल्यावरचे मास्तर रोज कांदा करपवतात. तळमजल्यावरची नवी सून कोबीत शेपू घालायला विसरते. दुसऱ्यावरचे दोघे भाऊ अंडी तळतात, कारण मेल्यांना दुसरं काही येतच नाही. जन्मभर मी ब्राइलात, रोमानियातल्या ह्या आमच्या नदीकाठच्या गावात, ट्राम चालवली. त्या खडखडाटात कान निम्मे गेले, पण नाक अजून शाबूत आहे. म्हणून सांगते, त्या हिवाळ्यात समोरच्या दारातून, झामफिराच्या घरातून, संध्याकाळी कसलाही वास येत नव्हता. नव्हता म्हणजे नव्हता.

आणि ओव्हन तर रोज पेटत होता. आमची दोघींची स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून आहेत. तिनं ओव्हन लावला की माझी भिंत कोमट होते, आणि मी तिथेच खुर्ची टाकून पाठ शेकत बसते. फुकटची ऊब कोण सोडतो? तर भिंत रोज कोमट, पण जिन्यात ना भाजलेल्या सफरचंदांचा वास, ना वांग्याचा. एकदा कपडे वाळत घालताना मी तिला विचारलंच, "काय गं, हवा भाजतेस का तू?"

"तुझं नाक म्हातारं झालं, फिलो," ती म्हणाली आणि चिमटा तोंडात धरला. माझं पूर्ण नाव फिलोफ्तेया, पण तेवढा वेळ कुणाकडे आहे?

झामफिरा म्हणजे उंच, काटकुळी बाई. जन्म गेला शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवण्यात. नवरा कोस्ताके डॅन्यूबवर बार्ज चालवायचा, घरी कमी आणि नदीवर जास्त, आणि एका वर्षी छातीच्या दुखण्यानं तो गेला. राहिली ती आणि तिची एकुलती एक ओतिलिया. झामफिराच्या एप्रनच्या खिशात काड्यापेटी नाही असा दिवस मी पाहिला नाही. जिन्यात कुणी नवं राहायला आलं की ही आपणहून जाणार आणि सांगणार: ओव्हनचं दार आधी सताड उघडायचं, तळाच्या भोकाशी पेटती काडी धरायची, आणि मगच चावी फिरवायची. आधी काडी, मग गॅस. माझ्या नवऱ्यानं, योर्दाकेनं, उलटं केलं होतं. आधी गॅस सोडला आणि मग काड्यापेटी शोधत सगळे खिसे चाचपले. भप्प! भाचीच्या लग्नाच्या फोटोत भुवया नसलेला जो माणूस दिसतो, तो माझा नवरा.

पण झामफिराची खरी ओळख हवी असेल तर त्या वाईट वर्षांत जायला हवं. तेव्हा सरकारातल्या वरच्या लोकांना देशाचं कर्ज फेडायचं होतं, म्हणून आम्ही गारठायचं असं ठरलं होतं. रेडिएटर थंडगार. सगळी इमारत स्वयंपाकघरात राहायला आलेली, ओव्हनचं दार उघडं टाकून. चूक होतं का? होतंच चूक. ओव्हन भाकरी भाजायला असतो, माणसं शेकायला नाही. पण पोरांच्या नाकाचा शेंडा निळा पडला की शहाणपण कोण विचारतो? गॅसचा दाब इतका कमी की ज्योत नखाएवढी. मध्येच ती आपोआप विझायची, आणि मग दाब परत आला की गॅस गुपचूप घरभर पसरायचा. मागच्या इमारतीतलं एक जोडपं असंच झोपलं ते उठलंच नाही.

म्हणून झामफिरा झोपायची नाही. दिवसभर कॉलर शिवून आलेली ही बाई स्टुलावर बसून राहायची, मुठीत काड्यापेटी, डोळे ज्योतीवर. समोर घडीच्या खाटेवर ओतिलिया, पाय ओव्हनकडे करून गाढ झोपलेली. ज्योत विझली की चावी बंद, खिडकी उघडी, घर हवेशीर झालं की खिडकी लावून पुन्हा काडी. असे किती हिवाळे गेले. मी म्हणायचे, "अगं, एखादा दिवस तरी लवंड की." तर म्हणायची, "पेटल्या ज्योतीकडे कुणीतरी बघत असलं पाहिजे, फिलो. बघितलं की ती चावत नाही."

ती पोर मोठी झाली आणि इटलीला गेली. आमच्याकडच्या निम्म्या पोरी गेल्या, तशी. बोलोन्यात एरसिलिया नावाची एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, तिचं सगळं ही करते. दोन वर्षांसाठी म्हणून गेली होती. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत. दर ईस्टरला "येते" म्हणायची, आणि दर ईस्टरला म्हातारीला काहीतरी व्हायचं. मग झामफिरा आमचा सणाचा गोड पाव, कोझोनाक, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून इटलीला जाणाऱ्या मिनीबसवाल्याच्या हाती द्यायची आणि बस वळून दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभी राहायची. वर आली की म्हणायची, "पाव पोचतो, बघ. पावाला व्हिसा लागत नाही, रजा लागत नाही." मी आपली दार लावून घ्यायचे.

ओतिलिया मनानं वाईट नाही, उलट आईसाठी जीव टाकते. आईला थंडी वाजू नये म्हणून तिनं घराला नव्या खिडक्या बसवून दिल्या, दुहेरी काचेच्या, रबरी पट्टीच्या. मुंगी आत येणार नाही अशा. जुन्या लाकडी खिडक्यांतून वारा शीळ घालायचा, तो बंद झाला. पण फोन मात्र फक्त रविवारी यायचा. बाकीचे दिवस झामफिरा माझ्याकडे येऊन बसायची आणि सोमवारपासून रविवारबद्दल बोलायची.

मग झाला तो घेवड्याचा घोटाळा. शेगडीवर घेवडा ठेवून ही खाली पाव आणायला गेली आणि तिथे कुणाशी गप्पा मारत बसली. पातेलं कोळसा, जिन्यात धूर, मास्तर बनियनवर पळत खाली. आता ही गोष्ट ओतिलियाला कुणी सांगितली? मीच. का नाही सांगायची? त्यावरून मायलेकींचं जे भांडण झालं ते मला भिंतीतून ऐकू आलं, म्हणजे बघा.

"आई, तो गॅस तोडून टाक! मी विजेची शेगडी घेऊन देते!"

"मी मेले की तोड! ह्याच ओव्हनसमोर वाढलीस तू!"

"म्हणून काय त्याच्यासमोर मरणार आहेस?"

शेवटी तह झाला तो असा. ओतिलियानं एक यंत्र पाठवलं, भिंतीत खोचायचं, खोलीच्या हवेत काही गडबड झाली की बोंबलणारं. आणि वर अट घातली: ओव्हन पेटवलास की फोन समोर ठेवायचा. तू चावी बंद करेपर्यंत मी इथून बघत राहीन.

यंत्राचं नाव झामफिरानं मुकादम ठेवलं, कारखान्यातल्या मुकादमासारखंच ते कारण नसताना ओरडायचं म्हणून. त्याला दारूचा वास सहन होत नसे. नाताळच्या पावासाठी बेदाणे रममध्ये भिजत घातले की त्याची कोल्हेकुई सुरू. ही टॉवेलनं त्याला वारा घालायची आणि म्हणायची, "प्याला मेला, पुन्हा प्याला!" आणि अट? अट तर तिनं अशी पाळली की विचारू नका.

ती कशी पाळत होती ते मला भर हिवाळ्यात कळलं. सोडा मागायला गेले होते. दार नुसतं लोटलेलं. आत झामफिरा स्टुलावर बसलेली, ओव्हन पेटलेला, मिठाच्या बरणीला फोन टेकवलेला. फोनमध्ये ओतिलिया म्हातारीच्या चादरींना इस्त्री करत होती. दोघी काही बोलत नव्हत्या. अधूनमधून ओतिलिया मान वर करायची, ही हसायची, की पुन्हा इस्त्री. मी हुंगलं. वास नाही. म्हणून वाकून ओव्हनचं दार उघडलं, तर तळाशी निळी ज्योत, वर दोन जाळ्या, आणि जाळ्यांवर काही नाही. एक बटाटा नाही.

झामफिरानं माझ्याकडे पाहिलं, साखर चोरताना सापडलेलं पोर बघतं ना, तसं.

"आई, झालं का गं?" फोनमधून आवाज आला.

"नाही अजून," झामफिरा म्हणाली. "सफरचंदं आहेत. आतून कच्ची आहेत."

मी दार हळूच लावलं आणि बसून राहिले. फोन बंद झाल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सोडला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? रिकामा ओव्हन जाळतेस?"

"बंद केला की ती जाते," ती म्हणाली. "मग काय करू? रोज पाव भाजू? खाणार कोण, तू?"

"सरळ सांग ना तिला, की बाई, बस माझ्याशी जरा वेळ."

"दिवसभर ती दुसऱ्याच्या आईची उस्तवार करते. तिच्यामागे आपल्या आईनं आणखी एक काम लावायचं?" तिनं काड्यापेटी खिशात टाकली. "आगीची भीती वाटते म्हणून बसते ती. भीतीसाठी माणूस वेळ काढतो, फिलो. आठवणीसाठी कुठून काढणार?"

पण मी काही तिला मोकळी सोडली नाही. म्हटलं, जाळ, पण खिडकी तिरकी उघडी राहिली पाहिजे आणि दारावरची हवेची जाळी मोकळी. नाहीतर आत्ता ओतिलियाला फोन लावते. ती घाबरली. त्या दिवसापासून मी खालून येताना मान वर करून बघायचे. तिची खिडकी बोटभर उघडी असायची आणि भिंत कोमट असायची. मला बरं वाटायचं.

त्या वर्षी ईस्टर आला तरी थंडी हटेना. नदीवरून बोचरा वारा आणि रेडिएटर तर कधीच बंद झालेले. अशात बातमी आली, ओतिलिया येतेय. म्हातारीपाशी बसायला दुसरी बाई मिळाली होती. तिकीट काढलं होतं. काय सांगू, झामफिरानं दोन दिवसांत जिन्यातल्या भिंतीसुद्धा पुसल्या. ज्याला त्याला सांगत सुटली, "माझी ओतिलिया येतेय. तिनं खालच्या दारातून पाऊल टाकलं की वास आला पाहिजे. तिथूनच कळलं पाहिजे की घर आलं."

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी कोझोनाकचं पीठ मळायचं असतं. ते पीठ म्हणजे तान्हं बाळ. अंड्याचे पिवळे बलक, कोमट दूध, लिंबाची साल, लोणी. हाताला चिकटायचं बंद होईपर्यंत मळायचं, वर क्रूस काढायचा, आणि मग उबेत फुगत ठेवायचं. त्याला वाऱ्याची तिरीप लागली की बसलंच म्हणून समजा. आमच्या देशात माणूस लांडग्याला भीत नाही इतका वाऱ्याच्या झोताला भितो. दाढ दुखली, झोत लागला. मान धरली, झोत लागला. नवरा पळाला तरी झोत लागला म्हणतील! पिठाच्या बाबतीत तर सगळ्याच बायका वेड्या होतात. सकाळीच झामफिरानं जिन्यात जाहीर केलं, "आज कुणी दार आपटायचं नाही. आणि माझ्याकडे कुणी यायचं नाही, तूसुद्धा नाही, फिलो. पीठ घाबरतं."

मी माझ्या घरी अंडी लाल रंगवत होते. दुपारी भिंतीतून मुकादमाची किंकाळी ऐकू आली. मी दार उघडून ओरडले, "काय झालं गं?"

"काही नाही!" आतूनच आवाज आला. "बेदाणे भिजवलेत. मुकादम प्यालाय!"

मी हसले. तीही हसली असावी. मग किंकाळी थांबली. तिनं त्याला भिंतीतून उपटून कपाटात टाकलं होतं, टेबलक्लॉथच्या खाली. ते नंतर कळलं. आणि आत काय काय झालं होतं तेही नंतरच कळलं. तिनं खिडकी घट्ट लावली होती. दारावरच्या हवेच्या जाळीत टॉवेल कोंबला होता. पीठ खुर्चीवर, उशीखाली. आणि खोली उबदार राहावी म्हणून ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं टाकलं होतं, जुन्या दिवसांसारखं. समोर मिठाच्या बरणीला टेकवलेला फोन. फोनमध्ये ओतिलिया बॅग भरत होती.

माझे हात कोपरापर्यंत लाल होते तेव्हा माझा फोन वाजला. पुसत पुसत उचलला, तर म्हातारीच्या घरच्या फोनवरून. ओतिलिया.

"फिलो मावशी, आईकडे जा. आत्ता जा. तिनं मान खाली टाकलीय. हाक मारतेय तर ऐकत नाही."

"डुलकी लागली असेल गं. पहाटेपासून राबतेय."

"मावशी!" ती ओरडली. "माझी आई ज्योतीसमोर झोपत नाही! आयुष्यात कधी झोपली नाही! आणि ज्योत पिवळी झालीय!"

खरंच की. त्या वाईट वर्षांतल्या थंडीत जी झोपली नाही, ती आज भर दुपारी झोपेल? तिची किल्ली माझ्या दाराशी खिळ्याला असते. कशी धावले देव जाणे. दार उघडलं तर आत गरम, कोंदट हवा आणि रमचा गोड वास. गॅसचा वास अजिबात नाही. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, श्वास धरला, आधी खिडकी सताड उघडली, मग ओव्हनची चावी आणि भिंतीवरचा गॅसचा मोठा नळ बंद केला. झामफिरा स्टुलावर, भिंतीला टेकून, हात मांडीवर, मुठीत काड्यापेटी. चेहरा लाल, जणू उन्हात फिरून आलीय. मी बोंब ठोकली. दुसऱ्यावरचे ते दोघे भाऊ धावत आले आणि त्यांनी तिला उचलून जिन्यातल्या खिडकीशी नेलं. अंड्यापलीकडे काही न येणाऱ्या त्या दोघांना मी त्या दिवसापासून तोंडावर एक वाकडा शब्द बोलत नाही.

आणि आत मिठाच्या बरणीपाशी तो फोन चालूच होता. "मावशी, श्वास घेतेय का? कुणीतरी बोला ना! श्वास घेतेय का माझी आई?" रिकाम्या स्वयंपाकघरात तिचा आवाज नुसता घुमत होता.

जिन्यातल्या गार वाऱ्यात झामफिरानं डोळे उघडले. ओकली. माझे लाल हात बघून दचकली. मग पहिला शब्द काय काढावा? "दार लाव. पीठ बसेल."

दवाखान्यात तिला प्राणवायू लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर फुलं घेऊन यावं लागलं असतं. तोंड मिटलेल्या खोलीत ज्योत सगळी हवा खाते, म्हणाल्या, आणि हवा संपत आली की विष ओकते. त्या विषाला ना वास ना रंग. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. झामफिरा जन्मभर ज्योत विझण्याची राखण करत आली. हे दुसरं मरण तिच्या हिशेबातच नव्हतं, कारण जुन्या फटींच्या खिडक्यांत ते कधी घरात शिरलंच नाही.

गॅसवाला आला, त्यानं नळाला तार बांधून शिशाची मोहर लावली, म्हणजे गॅस बंद. जाळीतला टॉवेल ओढून काढत म्हणाला, "हे काय आहे?"

"कोझोनाक," मी म्हटलं.

त्याला लगेच कळलं. रोमानियनच तो. क्षणभर टॉवेलाकडे बघत राहिला, मग बाहेर जाऊन बायकोला फोन लावला. "जाळीतलं फडकं काढ. आत्ता काढ. बसू दे पीठ बसलं तर!"

झामफिराचं पीठ मात्र बसलं नव्हतं. उशी उचलून बघते तर काठाबाहेर आलेलं, असं फुगलेलं की मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी ते माझ्याकडे आणलं, खिडक्या उघड्या ठेवल्या, शिव्या देत देत वेण्या घातल्या, अक्रोड भरले आणि माझ्या ओव्हनमध्ये भाजलं. घरभर वारा वाहत होता, तरी पाव फुललेच. उगाच जन्मभर आम्ही वाऱ्याला बोल लावले.

शुक्रवारी ओतिलिया आली. थेट दवाखान्यात गेली, आणि आईला दुसऱ्या दिवशी सोडतील म्हटल्यावर बॅग ठेवायला घरी आली. मी जिन्यात उभी होते. खालच्या दारातून ती आत आली आणि पहिल्याच पायरीवर थांबली. वास तिथपर्यंत पोचला होता. माझ्या दारातून येत होता, पण आईच्या हातच्या पिठाचा होता. कठडा धरून ती बराच वेळ तिथंच उभी राहिली.

मग वर येऊन तिनं बाह्या सरसावल्या. रडू आलं की आमच्या बायका फरशी पुसतात. ओव्हन घासायला तिनं दार उघडलं आणि जाळी बाहेर काढली. लख्ख. तेलाचा थेंब नाही, साखरेचा डाग नाही.

"मावशी," ती म्हणाली, "सगळा हिवाळा आई रोज काही ना काही भाजत होती. मी बघत होते. सफरचंदं, पाव, भोपळा. मग इथे एक डाग कसा नाही?"

झामफिरानं मला ह्या बाबतीत कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही म्हणून बजावलं होतं. पण मी काही पाद्री नाही गुपितं पोटात ठेवायला. सांगून टाकलं. "भाजत काही नव्हती गं. बंद केला की तू जायचीस, म्हणून पेटता ठेवायची."

ती फरशीवर बसली. पाय पुढे करून, लहानपणी बसायची तशी, थंड ओव्हनसमोर. जाळी मांडीवर. "मी चिडायचे, मावशी," ती म्हणाली. "मनातल्या मनात म्हणायचे, किती वेळ लागतो ह्या सफरचंदांना? मला कामं पडलीत. कधी बंद करणार ही?" आणि मग ती रडली, मोठ्यानं, हुंदके देऊन. मीही रडले. का लपवू?

ईस्टरला आम्ही तिघींनी लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडली, पाव खाल्ला. ओव्हनबद्दल मायलेकी एक शब्द बोलल्या नाहीत. झामफिरा पोरीकडे नुसती बघत होती, जेवतानासुद्धा घास हातातच. सणानंतर ओतिलियानं विजेची शेगडी आणून बसवली, वर काळी काच असलेली. झामफिरानं तिच्यात वाकून आपलं तोंड पाहिलं. "ही शेगडी आहे की आरसा?" म्हणाली. तिनं भांडण केलं नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. मोहर लावलेल्या नळाकडे बघून तिनं काड्यापेटी खिशातून काढली आणि खणात ठेवून दिली. मग रजा संपली, पोर मिनीबसमध्ये बसून गेली, आणि झामफिरा रस्त्यावर उभी राहिली, नेहमीसारखी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम तिच्याकडे गेले. माझी भिंत गार होती, मला घरी करमेना. ती स्टुलावर बसली होती, काळ्या काचेसमोर, हात मांडीवर. फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला, पडदा बंद. ज्योत नाही, म्हणजे राखण नाही, म्हणजे फोन नाही. हिशेब सरळ होता. मी म्हटलं, "चल, माझ्याकडे सूप घ्यायला." ती म्हणाली, "जरा वेळानं." तिला जायचं नव्हतं. तिला तिथंच बसायचं होतं.

आणि फोन वाजला.

"आई?" ओतिलियाचा चेहरा दिसला, मग हलला, आणि पडद्यावर बोलोन्यातलं स्वयंपाकघर आलं. त्या म्हातारीचा जुना ओव्हन, दार किंचित उघडं, तळाशी निळ्या ज्योतींची रांग. "आई, मी ओव्हन लावलाय. तू जरा बघत राहशील का? मला चादरींना इस्त्री करायचीय. मी बंद करेपर्यंत जाऊ नकोस."

झामफिरानं चष्मा चढवला. वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. "काय ठेवलंयस आत?"

ओतिलियानं ओव्हनचं दार पुरतं उघडून दाखवलं.

"काही नाही," ती म्हणाली.

झामफिरानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग माझ्या मागून तिचा आवाज आला, तोच जुना, जिन्यातल्या नव्या बायकांना शिकवतानाचा. "खिडकी उघडी आहे का?"

"आहे, आई."

"दाखव."

पोरीनं फोन फिरवला. खिडकी उघडी होती, पडदा हलत होता, बाहेर कुणाचं तरी लाल कौलांचं छप्पर दिसत होतं.

"हं," झामफिरा म्हणाली. तिनं स्टूल पुढे ओढलं आणि नीट बसली. "मग राहू दे पेटता. मी बघतेय."